पोरगा जेवून राहिला म्हणजे बरा झाला

रात्री तीन वाजता मोबाईलवर शोधून राहिलो होतो, कोकेन सोडलं की नेमकं काय होतं, किती दिवस होतं, माणूस मरतो का त्यात. मराठीत जे सापडलं ते सगळं दारूबद्दल. बरोबरच आहे म्हणा, २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा सर्व्हे आला होता त्यात दारू घेणारे १४.६ टक्के आणि कोकेनवाले ०.१० टक्के, म्हणजे हजारात एक, आता हजारातल्या एकासाठी कोण लिहीत बसणार. तर तो एक मी होतो म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधांची नावं-डोस काही सांगणार नाही, माझ्यासोबत काय झालं तेवढंच सांगतो.

माझं थोडक्यात असं की वय ३३, घर नागपूरच्या प्रतापनगरला, आठ वर्षं मुंबईत फ्लॅट विकायच्या धंद्यात. सुरुवात कशी झाली त्यात ऐकण्यासारखं काही नाही, सगळ्यांची सारखीच असते, टार्गेट, पार्टी आणि एक मित्र. शेवटच्या दीड वर्षात आठवड्यातले चार-पाच दिवस चालायचं आणि कोक, म्हणजे कोकेन, एकटं कधीच नाही, सोबत दारू असायचीच, कारण दारूने कोकची बेचैनी कमी होते आणि कोक असलं की दारू चढत नाही असं वाटतं. नंतर कळलं की दोन्ही सोबत अंगात गेले की लिव्हरमध्ये कोकाएथिलीन नावाचं तिसरंच प्रकरण तयार होतं, ते जास्त वेळ टिकतं आणि हार्टला अजून जड जातं. हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, तर नाही.

एप्रिलच्या शेवटी नागपूरला आलो, घरी सांगितलं वर्क फ्रॉम होम मिळालंय. खरं म्हणजे नोकरी गेली होती. सोबत थोडं होतं ते चार दिवसांत संपलं आणि त्या शेवटच्या रात्री छातीत असं काही आवळून आलं की बाथरूमच्या फरशीवरच बसलो, उठताच येईना. आईबाबांना हाक मारायची हिंमत नव्हती. ताईला फोन केला, ती मनीषनगरला राहते, पहाटे साडेचारला भाऊजींसोबत गाडी घेऊन आली. गाडीतच तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, एसीचा झोत माझ्याकडे वळवला आणि समोर बघत बसली.

कॅज्युअल्टीत मी म्हणलं अ‍ॅसिडिटी असेल. ताईने मागून सांगून टाकलं, "डॉक्टर, हा कोकेन घेतो." इतका राग आला होता ना तिचा. पण नंतर त्याच डॉक्टरने सांगितलं की बरं झालं सांगितलं, कारण छातीच्या दुखण्यात एरवी देतात त्यातली काही औषधं, बीटा ब्लॉकर म्हणतात ती, कोकेन अंगात असताना उलटी पडू शकतात. त्यामुळे बाकी कोणापासून लपवायचं ते लपवा, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरपासून नका लपवू. ईसीजी दोनदा काढला, रक्त दोनदा तपासलं, हार्ट वाचलं होतं. बीपी मात्र भलतंच वर होतं.

आता पोलिसांची भीती. ही भीती मला वर्षभर डॉक्टरकडे जाऊ देत नव्हती म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, त्यात कोकेन नुसतं सेवन केलं तरी गुन्हाच आहे, कलम २७, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-ए पण आहे, ते कोणी सांगत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते संरक्षण काढून घेता येतं. अल्प प्रमाण म्हणजे कोकेनच्या बाबतीत दोन ग्रॅमपर्यंत. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरांवर आहे. ताईने हे सगळं एका वकील मैत्रिणीकडून विचारून घेतलं, मी तर सरळ आत जाईन असंच धरून चाललो होतो.

मध्ये एक चूक केली. हॉस्पिटलमधून सुटलो त्या दुपारी कोणीतरी सांगितलं म्हणून एका प्रायव्हेट व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, नाव नाही लिहीत. डॉक्टर कधी येतात विचारलं तर म्हणे येतात ना, आठवड्यातून. तीन महिन्यांचे पैसे आधी, फोन जमा, घरच्यांना महिनाभर भेट नाही. खिडकीला जाळी आणि एक पोरगा कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघून नुसता मान हलवून राहिला होता, नको नको अशी. भाऊजी म्हणाले चला. ताईने तर चप्पलही काढली नव्हती. ज्यांना जायचं असेल त्यांनी एवढंच विचारा, रात्री दोन वाजता काही झालं तर इथे एमबीबीएस तरी कोण आहे. सरकारी पर्याय नागपुरात कमी नाहीत, मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, आणि मेंटल हॉस्पिटल तर आहेच, ज्याच्यावरून आपण लहानपणापासून एकमेकांना चिडवत आलो. मी शेवटी जिथे भरती झालो तेही नाव नाही सांगत, चांगलं होतं तरी नाही सांगत, घरच्यांना अजून लोकांची भीती आहे.

तर भरती. खरं म्हणजे कोकसाठी बऱ्याच लोकांना भरती करावंही लागत नाही, ओपीडीतच भागतं. मला ठेवलं ते छातीच्या त्या प्रकारामुळे, सोबत दारू होती म्हणून, आणि डॉक्टर मॅडमने पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" आणि मी लगेच नाही म्हणू शकलो नाही म्हणून.

पहिले तीन दिवस मला धड आठवतच नाहीत, कारण मी झोपलो होतो. मला वाटलं होतं अंग थरथरेल, उलट्या होतील, पलंगाला बांधतील, सिनेमात दाखवतात तसं. काही नाही. चौदा-चौदा, सोळा-सोळा तास झोप, आणि झोप म्हणजे आराम नाही, खड्ड्यात पडल्यासारखी. उठलं की भूक, कशी भूक म्हणजे ताईने डब्यात आणलेलं वरण-भात-भाजी संपवून मी तिच्या पर्समधली बिस्किटं काढून खाल्ली. कोकने भूक मारलेली असते ना, दीड वर्षाची उधारी एकदम वसूल होते. डोकं दुखायचं, नाकातून खपल्या निघायच्या, कोणी दिव्याचं बटण दाबलं तरी चिडायचो. नर्स ताईंना एकदा इतकं घाण बोललो की नंतर माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "असू दे, तिसऱ्या दिवशी सगळेच बोलतात."

याला क्रॅश म्हणतात. मॅडमने जे समजावलं ते मला आजही पटतं, कारण त्यांनी कूलरवर समजावलं आणि मे महिन्यातल्या नागपूरकराला कूलर समजतोच. टाकीतलं पाणी पंपाने वर जातं, बाजूच्या गवताच्या ताट्यांवरून खाली येतं, परत टाकीत, परत वर. मेंदूत डोपामाइन म्हणून रसायन असतं, छान वाटण्यामागचं, त्याचं तसंच, सुटतं, काम करतं आणि परत आत ओढून घेतलं जातं. कोक काय करतं तर परत यायचं भोकच बुजवतं. मग ताट्या ओल्याचिंब, खोली गारेगार, तुम्ही राजे. पण टाकी रिकामी होत चालली ना भाऊ. आणि ताट्यांनाही रोजच्या पुराची सवय लागते, साध्या धारेने त्या ओल्याच होत नाहीत. मग एक दिवस कोक बंद, पंप कोरडा फिरून राहिला, नुसता घर्रर्र आवाज, हवा गरम. "मेंदू इतका सोपा नाही," त्या हसून म्हणाल्या, "पण कोरड्या पंपासारखं वाटेल तेव्हा कूलर बिघडला नाही हे लक्षात ठेवायला बरं पडतं." आणि त्या वॉर्डातला कूलरही तसाच होता, त्यात दुपारी चार वाजता कोणीतरी बादलीने पाणी टाकायला लागायचं.

कोकेन सोडायला असं ठरलेलं खास औषध नाही हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी थोडे दिवस काहीतरी दिलं, बाकी लक्ष ठेवणं, खाणं, पाणी आणि बोलणं. मला वाटलं हे काय उपचार झाले. एवढा खर्च करून घेतलेली नशा आणि सोडवायला वरणभात.

बाजूच्या पलंगावर काटोलकडचे एक काका होते, संत्र्याचा बगीचा, दारू तीस वर्षांची. त्यांना माझ्या एक दिवस आधी भरती केलं होतं. त्यांचे हात इतके थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पण सांडायचा, घाम, आणि तिसऱ्या रात्री ते पलंगाखाली वाकून बैलांना हाका मारायला लागले, पलंगाखाली बैल शिरले म्हणे. पळापळ झाली, इंजेक्शन, सलाईन, रात्रभर दोन माणसं बाजूला. ते बघून मी मनातल्या मनात म्हणलं, आपलं बरं आहे बे, आपल्याला तर काहीच होऊन नाही राहिलं.

इथेच मी फसलो आणि घरचे पण फसले. दारू एकदम सोडली तर जीवाला तिथल्या तिथे धोका असतो, फिट येऊ शकते, म्हणून ती दिसते. कोकचं सुटणं बाहेरून दिसतच नाही. काका सातव्या दिवशी कपात चहा घेऊन खिडकीत उभे होते, चेहरा स्वच्छ, बायकोशी बगीच्याच्या पाण्याबद्दल भांडून राहिले होते. मी पण त्या दिवशी बरा होतो, चौथ्या-पाचव्या दिवसापासून मस्त वाटायला लागलं होतं, दाढी केली, कविता वगैरे सुचायला लागल्या, मॅडमला म्हणलं सोडा मला, संपलं. त्यांनी आठव्या दिवशी सोडलं पण ताईला वेगळं बोलावून सांगितलं की खरं आता सुरू होईल. ताईने घरी सांगितलं, पण घरी कोण ऐकतं. मावशी आली, मला दोन पोळ्या जास्तीच्या खाताना पाहिलं आणि आईला म्हणाली, "पोरगा जेवून राहिला म्हणजे बरा झाला, आता एखादी चांगली मुलगी पाहा."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी टाकी कोरडी असण्याचा अर्थ कळला. दुःख होतं असंही नाही, दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. काहीच होत नव्हतं. पोह्यावर तर्री टाकली तर तिखट लागायचं पण छान नाही लागायचं. क्रिकेट लावायचो आणि ओव्हर संपायच्या आधी बंद करायचो. मित्राने जोक पाठवला तर तो जोक आहे हे समजायचं, हसू नाही यायचं. नवतपा सुरू होता, बाहेर पंचेचाळीस, दुपारी रस्ते रिकामे, आणि मी कूलरसमोर लोळून छताकडे बघत. दिवसभर झोपाळलेला आणि रात्री टक्क जागा. एक पान वाचलं की काय वाचलं आठवायचं नाही. बाबा वीज मंडळातून रिटायर झाले, त्यांना आळशी माणसाचा तिटकारा, ते दारातून जाता-येता म्हणायचे, "काऊन, उठायचं नाही का आज?" त्यांचं काही चुकलं नाही, दिसत होतो तसाच मी, जेवून झोपणारा बैल.

आणि त्यातच ते विचार. मॅडम रोज रात्री राउंडला तोच प्रश्न विचारायच्या तेव्हा मला अपमान वाटायचा. घरी अठराव्या दिवशी, दुपारी, कुठलंही कारण नसताना, शांतपणे मनात आलं की हे असंच राहणार असेल तर कशाला. भीती वाटली ती विचाराची नाही, तो इतका साधा वाटला त्याची. ताई ऑफिसात होती, फोन उचलला नाही. १४४१६ लावला, टेली मानस, सरकारची फुकट लाईन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी उपदेश नाही केला, घरात आत्ता कोण आहे विचारलं, आईजवळ जाऊन बसा म्हणाल्या आणि मी आईजवळ जाऊन बसेपर्यंत फोन नाही ठेवला. आई शेवया मोडत होती. मी पण मोडल्या. संध्याकाळी ताई मला परत मॅडमकडे घेऊन गेली, तिथून एक गोळी सुरू झाली आणि आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. हा भाग कोणी वाचत असेल आणि तिथेच असेल तर आधी फोन लाव, बाकी नंतर वाच. व्यसनासाठी वेगळा नंबर पण आहे, १४४४६.

तलफ. तलफ म्हणजे मला वाटायचं दिवसभर हवंहवंसं वाटेल. तसं नसतं, मध्ये तास-तास काही नाही आणि मग कशावरून तरी एकदम. कशावरून तर पाचशेची करकरीत नोट. एटीएम कार्ड. आतून कडी लावलेलं बाथरूम. महिन्याच्या शेवटच्या तारखेला बँकेचा मेसेज येतो त्याचा आवाज, पगार नव्हता तरी. पोटात खड्डा, तोंडाला पाणी, घशात ती कडवट चव खरोखर येते, नाकाचा शेंडा बधिर होतो, काही न घेता. मॅडमने वही ठेवायला लावली, किती वाजता आली, कशाने, किती वेळ टिकली. आधी फालतूपणा वाटला. पण पंधरा दिवसांनी वही बघितली तर पंचवीस मिनिटांच्या वर एकही नव्हती. एकही नाही. मला प्रत्येक वेळी वाटायचं ही आता जाणारच नाही. मग मी कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा राहायला लागलो, घड्याळाकडे बघत. आईला वाटायचं पाणी किती आहे बघतोय.

आणि रांगोळी. हे कसं सांगावं. आई रोज सकाळी दारात सडा टाकून रांगोळी काढते, आयुष्यभर बघत आलो. एक दिवस लवकर जाग आली, दारात गेलो, आणि आईच्या चिमटीतून लाल फरशीवर पांढरी रेघ पडत होती, बारीक, सरळ. माझे पाय तिथेच. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "काय रे, असा घामाघूम काऊन झाला?" मी आत जाऊन ओकलो. दोन दिवस मी मागच्या दाराने गेलो. तिसऱ्या दिवशी सांगितलं तिला, कसंबसं, की ती पावडर तशीच दिसते, तशीच रेघ. मला वाटलं रडेल. ती थोडा वेळ डबा हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाप्पा, रांगोळीसारखी?" दुसऱ्या दिवसापासून दारात पिवळी रांगोळी, कधी गुलाबी. शेजारच्या काकूंनी विचारलं रोजच सण आहे का तुमच्याकडे, तर म्हणाली, पांढरी संपली.

स्वप्नंही यायची, घेतल्याची. इतकी खरी की उठल्यावर आधी नाक चाचपायचो आणि मग अर्धा दिवस गुन्हा केल्यासारखं तोंड घेऊन फिरायचो. हे खूप जणांना होतं म्हणे, महिनोन्महिने. स्वप्नात घेतलं म्हणजे घेतलं नाही, हे मला चार वेळा लिहून द्यावं लागलं.

ताईची बक्षीस योजना तिने समुपदेशकाकडून ऐकून केली. बाहेरच्या देशांत म्हणे टेस्ट स्वच्छ आली की पेशंटला कूपन देतात, प्रत्येक स्वच्छ टेस्टला कूपनची किंमत वाढते आणि एक जरी बिघडली की परत पहिल्यापासून, आणि कोकच्या बाबतीत हे चांगलंच चालतं असं बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून दिसलंय. आपल्याकडे कूपन कोण देणार. मंगळवारी आणि शुक्रवारी लघवीची टेस्ट. त्यात कोक स्वतः नाही सापडत, ते शरीरात तुटून जे बनतं, बेन्झॉयलेकगोनिन, ते सापडतं, साधारण दोन-चार दिवस, रोजच्या गिऱ्हाइकात अजून जास्त, म्हणून आठवड्यात दोनदा, मधे चोरी करायला जागाच नाही. पहिली स्वच्छ आली की तर्री पोहे. दुसरीला पोहे आणि जिलेबी. मग संत्रा बर्फी. आठवीला सावजी. पंधरावीला ताडोबा, एक दिवस, भाऊजींच्या खर्चाने. आता पोरांना खाऊचं आमिष दाखवतात तसं तेहतीस वर्षांच्या माणसाला, हसू येईल, पण मला ज्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं त्या दिवसांत मंगळवारचं थोडंसं वाटायचं. पोह्यांचं नाही, ताई त्या पट्टीकडे बघून जी काही मान डोलवायची तिचं.

बेचाळिसाव्या दिवशी मी तो सगळा डोलारा पाडला. मित्राची हळद होती हिंगणा रोडला, म्हणलं कोक नाही ना घेत आहे, दोन बिअरने काय होतं. मॅडमने शंभरदा सांगितलं होतं की दारू पण बंद, मला वाटायचं डॉक्टर लोक उगाच सगळंच बंद करतात. दुसरी बिअर संपायच्या आत माझा हात फोनवर होता. नंबर डिलीट केला होता पण दहाच्या दहा आकडे पाठ निघाले, शाळेतला पाढा विसरलो असेन, ते नाही. लावला. बंद होता. परत लावला. बंद. मी काही मोठा निर्धार वगैरे करून थांबलो नाही, तो नंबर चालू असता तर मी आज हे वेगळं काहीतरी लिहिलं असतं नाहीतर लिहिलंच नसतं. मांडवाबाहेर स्कूटरवर बसून ताईला फोन केला. ती म्हणाली, "किल्ली काढ. जिथं आहे तिथंच थांब, मी निघाली." आली, घेऊन गेली. टेस्ट मंगळवारी स्वच्छच आली, पण तिने मीटर शून्यावर आणला, म्हणे दारूही नियमात होती. सावजी एका टेस्टने हुकलं. भांडलो तिच्याशी, आणि भांडताना लक्षात आलं की मला सावजी खरंच खायचं होतं.

दोन-अडीच महिन्यांनंतर सुधारलं, पण कधी सुधारलं ते तारखेत सांगता येत नाही. पावसाळा लागला, झोप सरळ झाली. पेपर पूर्ण वाचू लागलो. नाकाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे दाखवलं, मधला पडदा झिजलाय पण भोक नाही पडलं, मिठाच्या पाण्याने धुवायचं रोज. कावीळ बी-सी आणि एचआयव्हीची तपासणी केली, कारण एकच गुंडाळलेली नोट चार जणांच्या नाकात फिरते आणि नाकातून रक्त येतंच, हे मला कधी सुचलंच नव्हतं. सगळं निगेटिव्ह. एका इंटिरियरवाल्याकडे साइटवर अर्धा दिवस काम मिळालं. तलफ वहीत दिवसाला सात-आठ वेळा होती ती आठवड्याला दोन-तीनवर आली, पण जेव्हा येते तेव्हा ताकद तेवढीच, हे लक्षात ठेवा, वेळा कमी होतात जोर नाही, निदान माझा तरी नाही झाला अजून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला मारबत, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला महालात घेऊन गेलो. पिवळी आली, मागून बडगे, गर्दीत सगळे ओरडत होते, घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा, खड्डे घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा. भाचा खांद्यावरून ओरडला, "मामाचा खोकला घेऊन जा!" घरात त्याला सांगितलंय मामाला खोकला होता म्हणून इतके दिवस दवाखान्यात. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पण ओरडलो.

त्या सकाळी आईने दारात पांढरी रांगोळी काढली होती, पोळ्याची, बैलजोडी. विचारलं नव्हतं मला. मी उंबऱ्यातून बघितली, पोटात हललं थोडं, आणि बैलाचं एक शिंग वाकडं आलं होतं तिकडे लक्ष गेलं.

बाबा अजून काही बोलले नाहीत यावर, एकदाही नाही. घरात पैसे त्यांच्याकडे असतात, माझं कार्ड आणि पिन ताईकडे. रोज संध्याकाळी मला दूध आणि भाजी आणायला पाठवतात, सुटे देतात, दहा-वीसच्या नोटा आणि नाणी, मोजून, एकदा त्यांच्या हातावर आणि एकदा माझ्या. परत आलो की चष्मा लावतात आणि म्हणतात, "हिशोब." मी सांगतो. कोथिंबीर दहा, टमाटे तीस, दूध चौसष्ट. काल दोन रुपये जास्त निघाले माझ्याकडे, कुठून आले कळेना, तर परत भाजीवाल्याकडे विचारायला पाठवलं.